पंप बसवलेल्या हृदयाचा इको: तालुक्याच्या गावी काय पाहून घ्यायचं?

धुऱ्यावरून
रविवार, रात्री ९:४०

मंडळी, धागा लांबणार आहे. घरात पंपवाला पेशंट असलेले इथे फार कुणी नसतील, पण इको (हृदयाची सोनोग्राफी) करणारे आणि करून घेणारे बरेच आहेत, म्हणून इथेच विचारतो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा रस्त्याच्या आतल्या अंगाला. बाबा ५९ वर्षांचे. हृदय फुगून ढिलं पडलं होतं. दोन वर्षं गोळ्यांवर निघाली, मग न्हाणीपर्यंत जातानाही दम लागू लागला. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब इतका चढला होता की प्रत्यारोपण लगेच करता येणार नाही म्हणाले. सव्वा वर्षापूर्वी चेन्नईत एलव्हॅड, म्हणजे डाव्या कप्प्याचं काम करणारा पंप बसवला. हार्टमेट ३ नावाचा. पंप हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या टोकाला बसतो, तिथून रक्त उचलतो आणि नळीतून सरळ महाधमनीत सोडतो. पोटातून एक वायर बाहेर येते ती कमरेच्या कंट्रोलरला, आणि दोन काखांत दोन बॅटऱ्या. बाबा आता सकाळी वावरापर्यंत पायी जाऊन येतात. बंडीत बसत नाहीत, हादरे नकोत म्हणून.

आता मुद्दा. मागच्या महिन्यात पायावर थोडी सूज दिसली. चेन्नईच्या कोऑर्डिनेटर ताई फोनवर म्हणाल्या, जवळपास एक इको करून व्हिडिओ पाठवा. तालुक्याच्या गावी गेलो. डॉक्टर चांगले, माणूस सज्जन. पण त्यांनी मनगट धरलं आणि चेहराच बदलला. नाडी लागेना. बीपीच्या डिजिटल मशीनने तीनदा एरर दिली. मी कंट्रोलर दाखवला, पंपाचं सांगितलं. मग इको झाला आणि रिपोर्ट आला: इजेक्शन फ्रॅक्शन १५ टक्के, डावा कप्पा गंभीर निकामी, एओर्टिक झडप उघडत नाही, टोकाशी चमकदार गोळा, गुठळीची शंका. ताबडतोब आयसीयूत हलवा.

आई तिथेच बाकावर बसली. बाबाच तिला समजावत होते, "अवो, मले काई होऊन नाई रायलं." रात्रीतून गाडी करून नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी चाळीस मिनिटं इको केला आणि म्हणाले, पंप व्यवस्थित आहे, डावा कप्पा पहिल्यापेक्षा लहान झालाय, उजवी बाजू किंचित थकलीय, लघवीची गोळी थोडी वाढवू. तो गोळा म्हणजे पंपाचंच तोंड होतं! एका रात्रीत ३१ हजार गेले, ते असू द्या. पण त्यांनी पहिला प्रश्न जो विचारला तो डोक्यातून जात नाही: "तिकडच्या इकोच्या वेळी पंपाचा स्पीड किती होता?" कुणी लिहिलाच नव्हता.

तर विचारायचं हे, की असा इको दरवेळी नागपूरलाच करायचा का? की तालुक्याच्या डॉक्टरांना नेमकं काय पाहा हे सांगता येईल?


खोडसाळ_खापरी
रविवार, रात्री १०:०५

कोटीच्या घरातला पंप आणि ३१ हजारांची चिंता. धागा कुणासाठी आहे तेवढं कळवा.


धुऱ्यावरून
रविवार, रात्री १०:१२

@खोडसाळ, सहा एकर विकलं, भावाच्या कंपनीचा विमा होता, उरलेलं पाहुण्यांकडून. अजून फेडतोय. पुढे बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


स्टेथो_आणि_संत्रं
रविवार, रात्री ११:३०

मी वर्ध्याकडे हृदयरोगाची प्रॅक्टिस करतो. पंप बसवत नाही, पण बसवून आलेले दोन-तीन पेशंट पाहतो. त्या डॉक्टरांवर रागावू नका. आम्हाला इको शिकवला जातो तो धडधडणाऱ्या हृदयाचा. पंपवाल्या हृदयाला तीच फूटपट्टी लावली की रिपोर्ट असाच येणार.

सुरुवात त्या १५ टक्क्यांपासून. इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे एका ठोक्यात कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं त्याचं प्रमाण. तुमच्या बाबांचा कप्पा फेकतच नाही, त्याच्या तळाशी बसून पंप रक्त ओढून नेतो. शरीराला मिनिटाला चार-साडेचार लिटर रक्त मिळत असेल आणि हा आकडा १५ असेल, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हृदय स्वतःहून किती सुधारलंय हे तपासायचं असेल तेव्हा या आकड्याला किंमत येते, पण ते पंप बसवणाऱ्या सेंटरचं काम.

एओर्टिक झडपेचं, म्हणजे डाव्या कप्प्यातून महाधमनीत जायच्या दाराचं, थोडं नाजूक आहे. पंप झडपेला वळसा घालून थेट महाधमनीत रक्त टाकतो, त्यामुळे वरून दाब कायम असतो आणि झडप बंद राहू शकते. दर दोन-तीन ठोक्यांत एकदा उघडली तर बहुतेक डॉक्टरांना ते आवडतं, कारण कायम बंद राहिलेली झडप हळूहळू चिकटते, गळायला लागते, तिच्यावर गुठळी जमू शकते. म्हणून नुसतं "उघडत नाही" लिहून उपयोग नाही. किती ठोक्यांत किती वेळा उघडली, आणि मागच्या वेळी काय होतं, ते हवं. यासाठी एम-मोड (एका रेषेवरची हालचाल वेळेनुसार पट्टीवर दाखवणारी सोय) लावून, पट्टीचा वेग हळू करून, पाच-सहा ठोके एका पट्टीवर घ्यायचे. हार्टमेट ३ दर दोन सेकंदांनी स्वतःचा वेग क्षणभर कमी-जास्त करतो, म्हणजे कृत्रिम नाडीच. पंपात रक्त साचून राहू नये हा हेतू. एकाच ठोक्यावर निष्कर्ष काढला तर फसगत होते.

नाडी न लागणं, डिजिटल बीपी न येणं, बोटाच्या क्लिपवर ऑक्सिजन भलताच दाखवणं, यात काही नवल नाही. बीपीसाठी साधा कफ बांधायचा, मनगटावर पेन्सिलसारखा डॉपलर (वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र) धरायचा, कफ सोडत जायचा आणि पहिला सूं आवाज येतो तो आकडा लिहायचा. तो साधारण ७० ते ९० मध्ये असावा. आणि हा आकडा इकोच्या रिपोर्टवर हवाच, कारण बीपी चढलं की हाच पंप त्याच स्पीडला कमी रक्त टाकतो.

बाकीचं उद्या. ओपीडी सकाळी आठला आहे.


आशाताई_डोंगरगाव
सोमवार, सकाळी ६:५०

दादा, मी गटप्रवर्तक आहे. आमच्याकडे असा पेशंट पडला आणि नाडी लागत नसेल तर आम्ही काय समजायचं? आम्हाला ट्रेनिंगमध्ये नाडी पाहायलाच शिकवलंय. १०८ वाल्यांनाही हे माहीत असेल का, शंका आहे.


धुऱ्यावरून
सोमवार, सकाळी ७:३०

ताई, आम्हाला चेन्नईत शिकवलं ते सांगतो. आधी माणसाचा चेहरा पाहायचा: बोलतोय का, रंग कसा आहे, श्वास चालू आहे का. मग छातीच्या डाव्या बाजूला स्टेथो लावायचा. पंप चालू असेल तर सतत घूंऽऽ असा आवाज येतो, पिठाच्या गिरणीच्या बाहेर उभं राहिल्यासारखा. आणि कंट्रोलर पाहायचा, कोणता दिवा लागलाय, कोणता अलार्म वाजतोय. वायर निघाली असेल तर लावायची. दोन्ही बॅटऱ्या एकदम कधीच काढायच्या नाहीत. कंट्रोलरच्या आत राखीव बॅटरी असते, पण ती पंधरा मिनिटांचीच.

आमच्या गावच्या आशाताईंना आणि १०८ च्या गाडीवरच्या डॉक्टरांना मी हे घरी बोलावून दाखवलं. ड्रायव्हरने बाबांच्या छातीला कान लावून पाहिला. म्हणे, "काका, तुमच्या पोटात बोरवेल हाय का?"


मोटरवाइंडर
सोमवार, दुपारी २:१५

हे बोरवेलचं बरं काढलं. माहं मोटर रिवाइंडिंगचं दुकान हाय, दारव्ह्याकडं. डॉक्टरसायबाचं वाचलं, अर्धं समजलं. मले जे समजलं थे माह्या भाषेत सांगतो, चुकलं तर सांगा.

डावा कप्पा म्हंजे ईहीर. पंप म्हंजे ईहिरीतली मोटर. उजवा कप्पा म्हंजे ईहिरीले पानी देनारे झरे. महाधमनी म्हंजे डिलिव्हरी पाइप आन् शरीर म्हंजे वावर.

आता शेतकरी येते, म्हनते मोटर पानी फेकून नाई रायली. मी आधी काय इचारतो? ईहिरीत पानी किती हाय! मोटरले हात बी लावत नाई. ईहीर भरली असन आन् तरी पानी येत नसन, त मोटर नाई त पाइपात गडबड. ईहीर कोरडी असन त मोटर हवा घेते, गाळ ओढते, जयते. मंग इको म्हंजे ईहिरीत बॅटरी मारून पाहनं, असंच ना?


स्टेथो_आणि_संत्रं
सोमवार, रात्री १०:२०

मोटरवाइंडर भाऊ, मी हे विद्यार्थ्यांना सांगणार आहे, तुमची परवानगी गृहीत धरतो. तुमच्याच विहिरीवरून पुढे जातो.

कंट्रोलरवर चार आकडे दिसतात: स्पीड, फ्लो, पॉवर आणि पीआय म्हणजे नाडीचा निर्देशांक. यातला फ्लो पंप मोजत नाही. किती वीज खातोय आणि किती वेगाने फिरतोय यावरून अंदाज बांधतो. म्हणजे मीटर पाइपावर नाही, स्टार्टरवर बसवलंय. त्यामुळे कंट्रोलरवर फ्लो अडीच लिटरच्या खाली जाऊन अलार्म वाजला, तर त्यामागे निदान चार-पाच वेगवेगळी कारणं असू शकतात आणि काहींचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट असतात. इथे इको कामाला येतो.

विहीर कोरडी. पेशंटला जुलाब झाले, उन्हात पाणी कमी पडलं, लघवीची गोळी जास्त झाली, कुठे आतून रक्त गेलं. इकोत डावा कप्पा लहान दिसतो आणि दोन कप्प्यांमधली भिंत पंपाच्या तोंडाकडे ओढली जाते. भिंत तोंडाला चिकटली की ठोके वेडेवाकडे होऊ लागतात. उजवा कप्पाही रिकामा, पोटातली मोठी शीर प्रत्येक श्वासाला मिटते. याला पाणी द्यायचं.

झरे आटले. उजवा कप्पाच थकला, तो डावीकडे रक्त पोचवत नाही. इथेही डावा कप्पा लहान, भिंत इथेही डावीकडे. पण उजवा कप्पा फुगून ताणलेला असतो आणि पोटातली शीर टम्म, हलत नाही. याला सलाइन दिलं तर तुम्ही पेशंटला बुडवलंत. अलार्म तोच, पंपाचा आकडा तोच. फरक फक्त इकोच्या पडद्यावर दिसतो.

विहीर भरलेली, पण उपसा नाही. डावा कप्पा मोठा झाला, भिंत उजवीकडे झुकली, मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली) जास्त गळू लागली. म्हणजे स्पीड कमी पडतोय, बीपी चढलंय, किंवा तोंडाशी नाहीतर बाहेरच्या नळीत अडथळा आहे. तोंडाशी इकोचा डॉपलर लावला तर रक्ताचा वेग साधारण सेकंदाला दीड मीटरच्या आत असावा, बाहेरच्या नळीत दोन मीटरच्या आत. वेग वाढला तर नळी दबली किंवा मुरगळली असं मनात आणायचं.

आणि सगळ्यांत फसवा प्रकार: डिलिव्हरीचं पाणी परत विहिरीत. एओर्टिक झडप गळायला लागली की पंपाने महाधमनीत टाकलेलं रक्त झडपेतून पुन्हा कप्प्यात येतं, पुन्हा पंपात जातं. पंपाचा आकडा झकास दिसतो आणि पेशंटला धाप लागलेली असते. मोटर भरभरून फेकतेय आणि वावर कोरडं. साध्या पेशंटमध्ये ही गळती फक्त हृदय सैल पडतं त्या वेळात दिसते, पंपवाल्यात ती ठोकाभर चालू राहू शकते. नेहमीच्या पद्धतीने मोजली तर म्हणूनच कमी भरते.


मोटरवाइंडर
सोमवार, रात्री १०:४१

परवानगी कायची, लावा राजे हो. फक्त स्टार्टरवर मीटर म्हंजे मले एकदम पटलं. बिल तेवढंच येते, पानी येवो का नाई!


प्रोबवाला
मंगळवार, सकाळी ११:००

मी चंद्रपूरकडे इको टेक्निशियन. पंपवाला पेशंट आयुष्यात दोनदा पाहिला. पहिल्यांदा घाम फुटला होता. थोडं हातचं सांगतो, डॉक्टरसाहेब सुधारतीलच.

एपिकल व्ह्यू विसरा. जिथे प्रोब (छातीवर टेकवायचा इकोचा दांडा) ठेवून आपण चारही कप्पे पाहतो तिथेच पंप बसलेला असतो. त्याची सावली पडते, अर्धा पडदा काळा. प्रोब थोडा बाजूला, एखादी फासळी वर सरकवला तर काहीतरी मिळतं. कप्प्याचं माप मात्र छातीच्या हाडाच्या डावीकडून, म्हणजे पॅरास्टर्नल लाँग अ‍ॅक्सिसमधूनच घ्यायचं आणि दरवेळी तिथूनच. एकदा इकडून, एकदा तिकडून मोजलं तर दहा मिलिमीटरचा फरक कागदावर उगाच दिसतो.

बाहेरची नळी पाहायला पेशंटला उजव्या कुशीवर करायचं आणि छातीच्या हाडाच्या उजवीकडून पाहायचं. आपल्या सवयीत ही जागा नसतेच. मला नळी सापडायला वीस मिनिटं लागली होती. पेशंट झोपून गेला.

ईसीजीच्या पट्टीवर पंपाची खरखर येते. मशीन ठोका ओळखून क्लिप साठवत असेल तर अर्धे तुकडे साठतात. सेटिंग बदलून सेकंदांवर ठेवायचं, प्रत्येक क्लिप दोन-तीन सेकंद तरी.

आणि पहिली फ्रेम घ्यायच्या आधी पडद्यावर टाइप करायचं: पंपाचं नाव, स्पीड, फ्लो, बीपी. रिपोर्टमध्ये नाही, पडद्यावरच. रिपोर्टचा कागद हरवतो, क्लिपवरचं जात नाही.


पुणेरी_पण_अकोल्याचा
मंगळवार, दुपारी १:३०

थोडं अवांतर, विषय निघालाच आहे तर. इकोची सुरुवात १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे झाली. इंगे एड्लर हे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ. जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूमधले दोष शोधायला अल्ट्रासाउंडचं यंत्र वापरत, ते हर्ट्झ यांनी माल्मोच्या गोदीतून सुट्टीपुरतं मागून आणलं आणि स्वतःच्या छातीला लावलं. म्हणजे लोखंडातली भेग पाहायचं यंत्र हृदयावर आलं, आणि आता त्याच हृदयात धातूचा पंप पाहतंय.

बंद करतो. चालू द्या.


वणीचा_वकील
मंगळवार, संध्याकाळी ६:१०

एक व्यवहाराचं विचारतो. हे सगळं खाटेवर होऊ शकतं तर डॉक्टर छोटं मशीन घेऊन गावात का येत नाहीत? पेशंटला बॅटऱ्यांसह ६०-७० किलोमीटर हलवण्यापेक्षा ते बरं.


स्टेथो_आणि_संत्रं
मंगळवार, रात्री ९:५५

वकीलसाहेब, हा प्रश्न तुम्ही विचारावा? गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा. १९९४ चा. अल्ट्रासाउंडचं प्रत्येक मशीन नोंदवलेल्या जागेशी बांधलेलं असतं, इकोचंही. पोर्टेबल मशीन गाडीत टाकून पेशंटच्या घरी नेलं तर मशीन सील आणि मी कोर्टात. कायदा का आला ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मला वाद घालायचा नाही. पण म्हणून पेशंटलाच यावं लागतं.

@प्रोबवाला, सगळं बरोबर. एकच भर. कप्प्यात पंपाचं तोंड कुठे बघतंय ते पाहायचं: मायट्रल झडपेच्या दिशेने असेल तर उत्तम, मधल्या भिंतीकडे वळलेलं असेल तर ते लिहायचं. आणि तोंडाजवळ चमकतं ते धातू आहे हे ठाऊक असलं, तरी बाजूला मऊसर काही हलतंय का ते पाहायचंच. धागाकर्त्यांच्या डॉक्टरांनी गुठळीची शंका घेतली ती विचारांत चूक नव्हती, फक्त शस्त्रक्रियेनंतरचा पहिला इको हाताशी नव्हता.

तालुक्यात एक गोष्ट कुणीही करू नये, आणि करताही येत नाही: स्पीड बदलणं. पेशंटच्या कंट्रोलरवर ती सोयच नसते, सेंटरच्या मॉनिटरवरूनच होतं. तिथे ते रॅम्प स्टडी करतात: १०० आरपीएमच्या टप्प्याने स्पीड बदलत जातात, प्रत्येक टप्प्याला इको. कप्पा किती लहान झाला, भिंत मध्ये राहिली का, झडप उघडते का, उजवा कप्पा तग धरतो का. जिथे भिंत मध्यावर राहते आणि पेशंट आरामात असतो तो स्पीड ठरवतात. रक्त पुरेसं पातळ असल्याची खात्री केल्याशिवाय हे सुरू करत नाहीत, कुठे लपलेली गुठळी सुटून मेंदूत जाऊ नये म्हणून.


धुऱ्यावरून
बुधवार, रात्री ८:४५

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून या धाग्यावरून एका पानाचं टिपण केलं, चेन्नईच्या ताईंना पाठवलं. त्यांनी दोन गोष्टी दुरुस्त केल्या आणि बाबांचे नेहमीचे आकडे भरून दिले. स्पीड ५४००. नागपूरच्या इकोतलं डाव्या कप्प्याचं माप ६२ मिलिमीटर, ऑपरेशनच्या आधी ७८ होतं. झडप पाच ठोक्यांत एकदा उघडते, गळती अगदी किरकोळ. भिंत मध्यावर. उजवी बाजू किंचित थकलेली. शस्त्रक्रियेनंतरच्या आणि नागपूरच्या क्लिप पेन ड्राइव्हवर घेतल्या.

तो कागद आणि पेन ड्राइव्ह घेऊन आज तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. भीत भीतच, म्हटलं रागावतील. त्यांनी चहा मागवला. क्लिपा दोनदा लावून पाहिल्या. पंपाच्या तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "हेच मला गुठळी वाटली होती." कागदाची झेरॉक्स ठेवून घेतली.


खोडसाळ_खापरी
बुधवार, रात्री ९:२०

पहिला प्रतिसाद मागे घेतो. कागद इथे टाकाल का? माझ्या चुलतभावाचं नाव हृदयाच्या प्रतीक्षायादीत आहे, नागपूरच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे अवयव प्रत्यारोपणाच्या विभागीय समन्वय केंद्राकडे. त्यालाही पंपाचं विचारलंय.


धुऱ्यावरून
बुधवार, रात्री ९:३१

व्यनि केलाय, भाऊ. आकडे बाबांचे आहेत, ते खोडून वापरा.


धुऱ्यावरून
तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११:१५

धागा वर काढतोय, कारण घडलंच तसं.

गुरुवारी पाहुण्यांकडे लग्न होतं. ४५ अंश. या बॅटऱ्यांच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलंय, म्हणून बाबांना दुपारभर कूलरसमोर, वाळ्याच्या ताटीच्या आड बसवलं होतं. बॅटऱ्यांची काळजी घेतली, माणसाची राहिली. पंगतीत जेवले, रात्रीपासून जुलाब. सकाळची लघवीची गोळी आईने नेहमीप्रमाणे दिली, तिचं काही चुकलं नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दहाच्या सुमारास कंट्रोलर बोंबलू लागला. लो फ्लो. आकडा २.३.

बाबा बोलत होते, पण उठले की डोळ्यापुढे अंधारी. चेन्नईला फोन लावला. ताई म्हणाल्या, सलाइन लावायची घाई करू नका, त्यांची उजवी बाजू आधीच थकलेली आहे, आधी इको. वीस मिनिटांत गाडी काढली, दोन भरलेल्या बॅटऱ्यांच्या जोड्या आणि राखीव कंट्रोलर घेऊन.

डॉक्टरांनी मनगट धरलंच नाही. कफ आणि डॉपलर. ६४. मग पडद्यावर टाइप केलं: हार्टमेट ३, ५४००, २.३, ६४. मी मागे उभा राहून पाहत होतो. डावा कप्पा ४७. मधली भिंत, जी मागच्या क्लिपमध्ये सरळ उभी होती, ती पंपाच्या तोंडाकडे पोट काढून वाकलेली. इतकी जवळ की प्रत्येक ठोक्याला आता लागते की मग असं वाटत होतं. मग त्यांनी प्रोब पोटाच्या वर, बेंबीकडून छातीकडे असा धरला. मोठी शीर बारीक, श्वास घेतला की मिटतच होती. उजवा कप्पा फुगलेला नव्हता.

"ईहीर कोरडी आहे," डॉक्टर म्हणाले. कागदावर मोटरवाइंडर भाऊंचं वाक्य मी तसंच लिहिलं होतं!

फोनवर चेन्नईच्या डॉक्टरांनी ते व्हिडिओ पाहिले आणि हळूहळू ५०० मिली द्यायला सांगितलं, मध्ये एकदा पुन्हा पाहून. अडीचशे गेल्यावर अलार्म थांबला. पाचशे संपल्यावर फ्लो ३.७, बीपी ७६, कप्पा ५५, भिंत जवळजवळ मध्यावर. उजव्या कप्प्यावर ताण नाही. हिमोग्लोबिन तपासलं, नेहमीइतकंच होतं, म्हणजे आतून रक्त गेलं नव्हतं. आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) मात्र ३.४ निघाला, त्या रात्रीची रक्त पातळ करायची गोळी चेन्नईने बंद ठेवायला सांगितली. लघवीची गोळी दोन दिवस बंद. रात्रभर तिथेच ठेवलं, आज दुपारी घरी.

नागपूरला जावं लागलं नाही.


स्टेथो_आणि_संत्रं
रविवार, सकाळी ८:१०

त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. ५०० एकदम न देता अडीचशेला थांबून पुन्हा पाहिलं, हे विशेष. उजवी बाजू थकलेल्या पेशंटमध्ये तेवढंच पाणी तासाभरात नको ते करतं.

उन्हाळ्यासाठी सेंटरशी आत्ताच बोलून ठेवा: जुलाब-उलटी झाली तर लघवीची गोळी कुणी आणि कधी थांबवायची. आईच्या हाती लेखी असू द्या. आणि आयएनआर दोन-तीन दिवसांत पुन्हा करा. पोट बिघडलं, जेवण तुटलं की तो असाच चढतो.


प्रोबवाला
रविवार, सकाळी ९:००

४७ आणि ५५ दोन्ही लाँग अ‍ॅक्सिसमधूनच ना?


धुऱ्यावरून
रविवार, सकाळी ९:४०

हो, एकाच जागेवरून. डॉक्टरांनी प्रोबच्या जागी बॉलपेनाने ठिपका केला होता. घरी आल्यावर आई तो पुसायला लागली, बाबांनी पुसू दिला नाही.


मोटरवाइंडर
रविवार, दुपारी १२:०५

काकाले पडदा दाखवला का नाई?


धुऱ्यावरून
रविवार, दुपारी १२:३०

दाखवला. डॉक्टरांनी मशीन फिरवून त्यांच्याकडे केलं. बाबा बराच वेळ पाहत होते, मग विचारलं, "मोटर कोनती?" डॉक्टरांनी चमकणारं तोंड दाखवलं. बाबा म्हणाले, "अन् हे बाजूनं हलून रायलं थे?" "ते तुमचंच हृदय आहे काका." "चालू हाय म्हना अजून," असं म्हणून शर्टाची बटणं लावायला लागले.